खर्जाची जागा

धक्का तसा काहीच नव्हता. सिग्नल लाल होता, मी थांबले होते, मागच्याने थांबायला अर्धा श्वास उशीर केला, इतकंच. पिठाचा डबा ओट्यावर जरा जोरात ठेवावा तसा आवाज आला आणि माझी गाडी हातभर पुढे सरकली. पण छातीवरचा पट्टा गच्च झाला. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका, मागून कुणीतरी हात घालून धरावं तसा. आणि मी कुठे जात नाही अशी खात्री पटल्यावर सावकाश सैल पडला. मी तशीच बसून राहिले. इंजिन चालू होतं, वायपर काचेवरून फिरत होते, समोरून निळी ट्राम वळत होती, आणि मी कान देऊन ऐकत होते. काय ऐकत होते ते मला नीट ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला स्वतःची थोडी भीती वाटली. एकोणसाठ वर्षांची बाई मी, दोन मुलांची आई, शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलेली. आणि बावन्न वर्षांपूर्वीच्या एका रविवारी दुपारी, अशाच एका धक्क्यानंतरच्या शांततेत, जो एक सूर ऐकायला मी कान लावून बसले होते तो अजून येतोय का, हे पाहत होते. खालचा सूर. पप्पांचा खर्ज.

काचेवर टकटक झाली. पावाच्या बेकरीची पांढरी व्हॅन माझ्या मागे उभी होती आणि तिचा चालक, चाळिशीचा, दाढीत पीठ अडकलेला, वाकून आत बघत होता.

"माझी चूक. शंभर टक्के माझी. लागलं का काकू कुठे?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

"ऐकतेय."

"इंजिन ठीक आहे तुमचं. माझ्याच गाडीचं नाक बसलंय, बघा तरी. तुमच्या बंपरला धड ओरखडा नाही." त्याने मागे पाहून मान हलवली. "माझा मेव्हणा म्हणतो, व्होल्वोला मागून मारलं की आपलंच थोबाड फुटतं. तो तिथेच कामाला आहे, म्हणजे म्हणणारच."

मला हसू आलं. हिसिंगेनवर, कारखान्याच्या आमच्या या भागात, कुणाचा तरी मेव्हणा तिथे कामाला असतोच. त्याने कागदाच्या पिशवीवर नाव आणि नंबर लिहून दिला, मिर्साद, आणि मी निघायला लागले तर हात आडवा केला. "लगेच चालवू नका. कडेला लावा, पाच मिनिटं बसा. धक्का अंगातून उतरू द्या. माझी आई म्हणते, अंग घरी येतं पण जीव मागून चालत येतो, त्याच्यासाठी थांबावं लागतं." हे ऐकून मी खरोखरच गाडी कडेला, औषधाच्या दुकानासमोर लावली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, मिर्साद त्याला उलट काहीतरी सुनावत होता, आणि मी जिवाची वाट पाहत बसले.

पोचायचं होतं पप्पांकडे. दोन वाजता पाळकबाई दीसा तिथे यायच्या होत्या, हातात कागद घेऊन, आणि त्या यायच्या आत मला पप्पांना एक गोष्ट विचारायची होती. पप्पा एक्याण्णव वर्षांचे आहेत. त्यांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी महिने म्हटलं नाही, आठवडे म्हटलं. आमच्याकडे माणूस शहाणा असेल तर आपल्या जाण्याची व्यवस्था आपणच एका छापील कागदावर लिहून ठेवतो: शवपेटी कसली, फुलं कसली, मागाहून कॉफीबरोबर काय द्यायचं, आणि कुठली गीतं म्हणायची. पप्पांनी सगळ्या चौकटी आपल्या कारखान्यातल्या सरळ अक्षरांत भरल्या होत्या. पेटी पाइनची. फुलं हंगामातली. कॉफीबरोबर खारवलेल्या माशाचं सँडविच, केक कोरडा नको. आणि गीतांच्या चौकटीत दोनच शब्द. गाणं नको. दीसाने काल फोनवर मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी पायरीवर खाली बसले. "गुनेल, हे असं कसं?" ती म्हणाली. "दोनशे माणसं येतील. करतील काय ती? नुसती उभी राहून श्वास घेतील? आपल्या प्रार्थनाघरात आजवर गाण्याशिवाय कुणी गेलेलं नाही, तो दारुडा स्वेर्केर पण नाही." मी म्हटलं, मी विचारते. म्हटलं खरं, पण ही चौकट त्यांनी का अशी भरली हे मला माहीत आहे अशीच माझी समजूत होती, आणि तिचं मूळ माझ्यापाशी आहे हेही. ते त्यांना सांगायला मला बावन्न वर्षं पुरली नव्हती. आज दोन वाजेपर्यंतचा वेळ होता.

पप्पा व्होल्वोत होते. आमच्या भागात हे वाक्य इतकं पुरेसं असायचं की शाळेत वडिलांचं काम काय असं विचारल्यावर अर्धा वर्ग तेच सांगायचा आणि बाई पुढचं नाव घ्यायच्या. आधी लुंडबीच्या जुन्या कारखान्यात आणि मग चौसष्ट सालापासून टोर्सलांड्याच्या नव्या, मैलभर लांब. त्यांचं काम एकच: दाराच्या खांबात पट्ट्याचा बोल्ट आवळायचा. गाडी येई, ते वाकत, आवळत, गाडी जाई. मी लहान असताना विचारलं होतं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, प्रत्येक बोल्टाबरोबर मी एक नाव घेतो. कुणाचं? "कुणाचंही. ज्याला ती गाडी मिळणार तो काय मला ठाऊक नाही. आधी बायबलातली घेतली, ती संपली. आता टेलिफोनच्या पुस्तकातली चाललीत, ल पर्यंत आलोय." हे त्यांनी थट्टेने सांगितलं नव्हतं. तो तिरका, तीन ठिकाणी धरणारा पट्टा एकोणसाठ साली आमच्याच गावात निघाला, आणि तो शोधणारा इंजिनीअर त्याआधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या करायचा, याचं पप्पांना केवढं कौतुक. माणसाला बाहेर फेकायचं शास्त्र ज्याला नीट कळलं त्यालाच आत धरून ठेवायचं कळणार, असं ते म्हणत. आणि त्याहून मोठं कौतुक याचं, की कंपनीने त्याच्या पेटंटचा हक्क स्वतःपाशी दाबून ठेवला नाही. जगातल्या कुठल्याही कारखान्याने वापरावा म्हणून मोकळा केला. "विहीर खणली आणि दोर-बादली काठावर ठेवून दिली," पप्पा म्हणत, आणि अशा वेळी त्यांचा आवाज प्रार्थनेतल्यासारखा खाली उतरे.

तो आवाज. आता लिहिताना मला त्याचं वर्णन करता येत नाही, कारण गाण्यातला तो मी सातव्या वर्षी शेवटचा ऐकला, आणि सातव्या वर्षी ऐकलेलं सगळंच मोठं असतं. बाकावर त्यांच्या शेजारी बसलं की तो कानांनी ऐकायच्या आधी लाकडातून मांडीला लागायचा. आमचं प्रार्थनाघर साधं, पिवळ्या फळ्यांचं. घंटा नाही, रंगीत काचा नाहीत. जे काही वैभव होतं ते गाण्याचं. फिरते प्रचारक यायचे, त्यातले नाटानाएल माझे सर्वांत आवडते. हातात गिटार, गळ्यात मफलर. गोष्ट सांगायला लागायचे आणि ऐन वळणावर, वादळात होडी उलटणार अशा जागी, बोलणं सोडून गाणं धरायचे. आम्ही सगळे दुसरं कडवं म्हणत असताना ते डोळे मिटून मान हलवायचे, आणि गाणं उतरलं की होडी जिथे सोडली होती तिथूनच उचलायचे. शास्त्रातलं वचन समजावताना ते कारखान्यात शिरायचे, कारण समोर बसलेले कारखान्यातलेच. "व्होल्वो म्हणजे काय रे बाबांनो? लॅटिनमध्ये, मी फिरतो. चाक बोलतंय. मी फिरतो, मी फिरतो, म्हणून मिरवतंय. आणि पट्टा काय म्हणतो? तो काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, फिर तू, मी आहे." आणि लगेच गिटारीवर बोट. साक्षीच्या संध्याकाळी मंडळीतले लोक उठून प्रभूने आपल्यावर काय कृपा केली ते सांगायचे, आणि त्यातल्या निम्म्या साक्षी गाड्यांच्या असायच्या. बूडिलबाईंच्या गाडीवर एल्क, म्हणजे घोड्याएवढं इथलं हरीण, येऊन पडला, काच फुटली, पण छत वाकलं नाही. त्या केसांतून काचा वेचत चालत घरी आल्या. म्हातारा टुरे बर्फावरून घसरून दरीत गेला आणि उलटा लोंबकळत राहिला, वटवाघळासारखा, पट्ट्याने धरलेला. पुढे सत्तरच्या दशकात कंपनीची माणसं अपघाताच्या जागी फीत घेऊन यायला लागली, मापं घ्यायची, घरी येऊन प्रश्न विचारायची, तेव्हा टुरे पुन्हा एकदा कुठेतरी आदळला होता. बसला कसे होतात, असं त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, प्रभूच्या तळहातावर. त्यांनी लिहून घेतलं: चालकाच्या जागी. हे टुरे स्वतःच सांगायचा आणि स्वतःच सर्वांत आधी हसायचा.

पप्पांनी मात्र कधी साक्ष दिली नाही, जरी सर्वांत मोठी त्यांच्यापाशी होती. सदुसष्ट साली आमच्या देशाने एका रविवारी पहाटे रस्त्याची बाजू बदलली. काल रात्रीपर्यंत सगळे डावीकडून जात होते, आजपासून उजवीकडून. पहाटे सगळी वाहनं थांबली, हळूच पलीकडे गेली, पुन्हा थांबली, आणि मग निघाली. आई मला उठवून ते बघायला घेऊन गेली होती, आणि माणसं जणू उपासनेला आल्यासारखी गप्प होती. गाड्यांचं स्टिअरिंग आमच्याकडे आधीपासून डाव्या हातालाच होतं, म्हणजे गाडीत काहीच बदललं नाही, रस्ता तेवढा बदलला. पुढचे कित्येक दिवस वेगावर मर्यादा होती, दुधाच्या पाकिटांवरसुद्धा आठवण छापलेली. पप्पांनी आमच्या करड्या व्होल्वो ॲमेझॉन गाडीत पुढचे दोन पट्टे होतेच त्यांच्याशिवाय मागे माझ्यासाठी एक स्वतः बसवला, कारखान्याच्या दुकानातून विकत आणून. तेव्हाचा पट्टा आतबाहेर सरकायचा नाही, मापाने आवळावा लागायचा. आई म्हणायची, "मुलीला काय बटाट्याच्या गोणीसारखी बांधतोस." आणि शेजारचा होल्गेर कुंपणावरून: "आल्गोट, तुझा स्वतःच्या गाडीवर विश्वास नाही?" पप्पांनी न बघता उत्तर दिलं, "गाडीवर आहे. माझ्यावर नाही."

ऑक्टोबर होता, बाजू बदलून पाच-सहा आठवडे झालेले. आम्ही ओरुस्त बेटावर आजीकडे गेलो होतो, रविवारी दुपारी परत निघालो. मधली खाडी ओलांडायला फेरीबोट. पलीकडे उतरताना पप्पांनी आपल्या सवयीप्रमाणे सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. हा आमच्या लोकांचा स्वभाव आहे, रांगेत कुणाच्या पुढे गेलो असं वाटायला नको. पप्पा हाताने खुणा करत राहिले, या, तुम्ही आधी, तुम्ही आधी, आणि शेवटी बोट रिकामी झाली तेव्हा आम्ही उतरलो. म्हणजे समोर रस्त्यावर कुणी नव्हतं. ज्याच्या मागून जावं असं एकही वाहन नव्हतं. रस्ता लहान, पाइनच्या झाडांमधला, आणि पप्पांचं बालपण त्याच रस्त्यावर गेलेलं. आईने गीत धरलं. सुगीचं जुनं गीत, आजोबा घोडागाडीवर म्हणायचे ते. आईचा वरचा सूर. मला त्याच आठवड्यात मधला शिकवला होता, आणि मधला सूर एकट्याने टिकत नाही, तो खालच्यावर पाय ठेवून उभा राहतो. मी मागून म्हटलं, "पप्पा, खालचा धरा ना. मला एकटीला जमत नाही." आणि पप्पांनी खालचा धरला. मला आठवतं ते सुख. गाडीचा पत्रा भरून आला होता. तिघं तीन वाटांनी चाललो होतो आणि एकत्र पोचत होतो. आई डोळे मिटून म्हणत होती. आणि पप्पांचे हात, गाणं जुनं होतं म्हणून, रस्ता जुना होता म्हणून, जुन्या बाजूला गेले. मला ते कळलं नाही. खडकाच्या वळणावर समोरून एक फुगीर पाठीची गाडी आली, आमच्याच कारखान्याची, आणि दोघांनी एकदमच ब्रेक दाबले.

मग ती शांतता. ती मला अजून हातात धरता येईल. कुठेतरी पाणी फसफसत होतं, पाइनच्या सुया टपावर पडत होत्या. पट्ट्याने माझ्या मानेला आग होत होती आणि मला मान वळवता येत नव्हती. पप्पांच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, हलत नव्हती. आई ओरडली नाही, तिने आमची नावं घेतली नाहीत. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हे मागाहून कळलं. तिने पुढची ओळ म्हटली. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ, बारीक आवाजात, पण सुरात. मला काय समजलं कोण जाणे, मी माझा मधला सूर तिला जोडला. आणि आम्ही दोघी खालच्याची वाट पाहत राहिलो. ओळ संपली. तो आला नाही. आईने दुसरी ओळ घेतली, मी जोडला. तो आला नाही. माझे वडील मेले, असं मला सात वर्षांच्या वयात दोन ओळींच्या अंतरात कळलं, आणि मी गात राहिले, कारण थांबले तर ते खरं ठरलं असतं. आणि मग पप्पांनी पट्टा सोडला, दार लाथेने उघडलं, आणि समोरच्या गाडीकडे धावत गेले; त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

समोरचा माणूस जनावरांचा डॉक्टर होता, फोल्के ब्रात. त्याचा पाय मोडला होता. त्याच्या गाडीतही पट्टा होता, तो त्याच्यावर बसला होता, थंडीत बूड उबदार राहतं म्हणून. हे त्याने गवतावर पडल्यापडल्या स्वतःच सांगितलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. पुढे हॉस्पिटलात पप्पा त्याच्यासमोर टोपी हातात धरून उभे राहिले, तर तो म्हणाला, "तुम्ही जुन्या बाजूने आलात, मी नव्या. बाजू दोघांचीही बरोबर होती, तुमची तारीख तेवढी चुकली." तो जन्मभर जरा लंगडला आणि दर नाताळात कार्ड पाठवत राहिला: पाय पाऊस आधी सांगतो, शेतकरी मला विचारायला येतात, पट्टा लावतो. अशा माणसाने क्षमा केल्यावर आणखी कुणाची राहते? पण पप्पा पुन्हा गायले नाहीत. गाडी चालवत राहिले, बोल्ट आवळत राहिले, नावं घेत राहिले असतील. दर रविवारी बाकावर उभे राहायचे, गीताचं पुस्तक उघडं, पान वेळेवर उलटायचं, ओठ मिटलेले. लोकांना वाटलं घसा गेला. आईने कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या पेटीशेजारीही ते तसेच, पुस्तक उघडं धरून उभे. मी शाळेत गाणं शिकवलं तेव्हा खालच्या सुराच्या मुलांना दर वर्षी म्हणायचे, अजून, अजून मोठ्याने, आणि ती एकमेकांकडे बघून हसायची. मी स्वतः मुलांबरोबर गाडीत कधी गायले नाही. माझी खात्री होती की पप्पा शिक्षा भोगतायत, आणि ती शिक्षा मी मागवली होती. पप्पा, खालचा धरा ना.

औषधाच्या दुकानातून एक बाई बाहेर आली, छत्री उघडली. माझा जीव आला होता की नाही ठाऊक नाही, पण दीड वाजला होता. मी पट्टा ओढला, खिट्टीत बसवला. हे मी रोज करते, बघतसुद्धा नाही. आज बघितला: तळहाताएवढाही रुंद नाही, करडा, कडेला जरा विटलेला. कुणीतरी त्याचा बोल्ट आवळला असेल, पप्पांच्या नंतरच्या कुणीतरी, कदाचित मिर्सादच्या मेव्हण्याने. देवा, तुझे किती हात आहेत, आणि त्यातल्या किती हातांना संध्याकाळी तेलाचा वास येतो. एवढंच मनात म्हणून मी निघाले.

शुश्रूषाघरातल्या आपल्या खोलीत पप्पा खिडकीशी खुर्चीत होते, नाकाला नळी, गुडघ्यावर घोंगडी. खिडकीतून नदीवरच्या जुन्या क्रेन दिसतात. मी वाकून गालाला गाल लावला.

"उशीर," ते म्हणाले.

"मागून एकाने धडक दिली. काही नाही, हलकीशी."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि खांद्यावरून तिरका खाली, पट्टा जातो त्या वाटेने, कुठे दुखतंय का ते चाचपत गेला. "इथे?"

"नाही."

"उद्या दुखेल. दुखलं तर चांगलं, म्हणजे त्याने काम केलं."

मी स्टूल ओढलं. मला वाटलं होतं मी हळूहळू विषयाकडे येईन, पण धक्का अंगात होता, सरळच बोलले. "पप्पा, दीसा येतेय. तुम्ही लिहिलंय गाणं नको. ते माझ्यामुळे आहे. त्या दिवशी मी तुम्हाला खालचा सूर धरायला सांगितलं. मी सांगितलं नसतं तर तुमचं लक्ष रस्त्यावर राहिलं असतं. हे मी कधी बोलले नाही."

त्यांनी गुडघ्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "तू सांगितलंस होय?"

"हो."

"मला आठवत नाही. मी तर बोटीवरच धरला होता, तोंड मिटून. पाण्यावर चांगला घुमतो. तू सांगितलंस तेव्हा मी अर्ध्यावर आलेलो असणार." त्यांनी आपले हात घोंगडीवर उताणे ठेवले. "हात माझे होते, गुनेल. सात वर्षांच्या पोरीने माझे हात कसे हलवले असतील?"

"मग तुम्ही गाणं का सोडलंत?"

"सोडलं कुठे."

"पप्पा. बावन्न वर्षं."

"ऐक." श्वासासाठी ते थांबले. "आदळलो तेव्हा मला वाटलं, मी दोघींना मारलं. मान वळवायचा धीर होईना. जोवर वळवत नाही तोवर ठरलेलं नाही, असं काहीतरी. आणि शेजारून तुझी आई, मॅर्ता, गायली. मी म्हटलं, एक. मग मागून तू. उशिरा आलीस, अर्ध्या मात्रेने, नेहमीसारखी. मी म्हटलं, दोन. आपल्या घरात दोनच होत्या, दोन्ही आल्या. आता मी तोंड उघडलं असतं तर माझ्या आवाजाखाली तुझा बुडाला असता. तू फार बारीक म्हणायचीस तेव्हा. मला तो ऐकायचा होता. दुसऱ्या ओळीलाही ऐकायचा होता."

"आणि नंतर?"

"नंतर दर रविवारी तेच. उभा राहायचो, पुस्तक धरायचो, मोजायचो. एक, दोन. मग तुझी पोरं झाली, तीन, चार. मॅर्ता गेली तेव्हा पुन्हा तीन. मोजायचं तर आपण गप्प राहावं लागतं, एवढंच."

"मला वाटलं तुम्ही शिक्षा घेताय."

"शिक्षा?" त्यांना खोकल्यासारखं हसू आलं. "अख्ख्या प्रार्थनाघरात माझ्याइतकी चैन कुणाची नव्हती."

माझ्या आत एक मोठं जुनं फर्निचर कुणीतरी उचलून दुसऱ्या भिंतीला लावत होतं आणि मला कुठे उभं राहावं कळत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला मी रिकामी जागा समजले तिथे एक माणूस भरून बसला होता. पण मग ती मुलगी, मागच्या सीटवरची? तिचं कुणी ऐकलं होतं?

"मला वाटलं तुम्ही मेलात," मी म्हणाले. "तुमचा सूर आला नाही म्हणून. दोन ओळी मला वाटत होतं."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे आता पाण्यासारखे झालेत, पण तेव्हा त्यांनी खरंच पाहिलं. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"मग तिथे मी चुकलो," ते म्हणाले. "एक सूर द्यायला हवा होता. नुसता एक, की मीही आहे. माझ्या ध्यानातच आलं नाही की तूही मोजत असशील." त्यांनी माझी बोटं धरली, आणि आम्ही तसे बसलो. बाहेर पाऊस थांबला होता की नाही, ते बघायचं मला सुचलं नाही.

"आणि कागद?" मी शेवटी विचारलं. "दोनशे माणसं काय करणार?"

"त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे, कोण थांबवतंय. मी माझ्यापुरतं लिहिलं. सगळे गाणार आणि मी पेटीत, मला एकही मोजता यायचा नाही. फुकट जाणार. वर गेल्यावर मला खर्जाला उभं करतीलच, तिथे माझं ऐकून कोण घेतंय. पण ऐकायचं ते मला इथे हवंय." त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. "म्हण."

"काय, आत्ता?"

"तुझा मधला. तेच गीत."

मधला सूर एकटा म्हटला तर गाणं वाटत नाही. जिन्याच्या मधल्याच चार पायऱ्या असाव्यात, वर खोली नाही, खाली अंगण नाही, तसं काहीतरी. मी सुरुवात केली तेव्हा खोलीच्या बाहेर कुणीतरी ढकलगाडी थांबवली. पहिलं कडवं झालं. मी सवयीने खालच्यासाठी कान दिला आणि या वेळी माझ्या लक्षात आलं की तिथे कुणीतरी ऐकतंय, आणि सूर त्याच्यावर पाय ठेवून उभा राहतोय. दुसऱ्याच्या चौथ्या ओळीला पप्पांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "इथे घाई करतेस. तेव्हाही करायचीस."

मी ती ओळ पुन्हा घेतली, सावकाश. दार उघडलं. दीसा दारात उभी होती, एका हातात ओला कोट, एका हातात तो छापील कागद आणि पेन, आणि हे काय चाललंय ते न कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बसा, पाळकबाई," पप्पा म्हणाले. "कागदावर मग हवं ते लिहा. अजून दोन कडवी आहेत."